अकराव्या वर्षी लग्न लावणं गुन्हा नव्हता, पण नांदायला नकार दिला म्हणून रखमाबाईंना तुरुंग दाखवण्यात आला

आज मुलीचं लग्न अठराच्या आत लावलं तर लग्न लावणारे, ते होऊ देणारे पालक आणि सज्ञान नवरदेव असे सगळेच शिक्षेला पात्र ठरतात. पण साधारण १४० वर्षांपूर्वी चित्र बरोबर उलटं होतं. तेव्हा लहान मुलीचं लग्न लावणाऱ्याला कुणी विचारत नव्हतं. मोठी झाल्यावर त्याच मुलीने सासरी जायला नकार दिला, तर तिला मात्र तुरुंगात टाकता येत होतं.

हा कायदा किती उफराटा आहे, हे सगळ्या देशाला कळलं ते मुंबईच्या एका तरुणीमुळे. तिचं नाव रखमाबाई.

रखमाबाईंचा जन्म २२ नोव्हेंबर १८६४ चा, मुंबईतला. वडील जनार्दन पांडुरंग त्या लहान असतानाच गेले. त्यांच्या जातीत विधवेच्या पुनर्विवाहाला बंदी नव्हती. त्यामुळे आई जयंतीबाईंनी पुढे डॉ. सखाराम अर्जुन राऊत यांच्याशी लग्न केलं. पहिल्या नवऱ्याकडून आलेली मालमत्ता त्यांनी रखमाबाईंच्या नावावर केली. सखाराम अर्जुन हे नामांकित डॉक्टर, वनस्पतीशास्त्राचे जाणकार आणि बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या संस्थापकांपैकी एक.

एवढ्या शिकलेल्या घरातही बालविवाह चुकला नाही. अकराव्या वर्षी रखमाबाईंचं लग्न दादाजी भिकाजी यांच्याशी लागलं. दादाजी तेव्हा एकोणीस वर्षांचे होते. त्यांनी सासऱ्यांच्या आधाराने शिकावं आणि मार्गाला लागावं, असं ठरलं होतं. पण शिक्षणात त्यांचं मन रमलं नाही. ते मामाकडे राहू लागले आणि डोक्यावर कर्जही झालं. रखमाबाई मात्र माहेरीच राहिल्या, घरातच वाचत शिकत गेल्या. नवरा-बायको म्हणून दोघं एक दिवसही एकत्र राहिले नाहीत.

१८८४ मध्ये दादाजींनी बायकोला नांदायला पाठवा म्हणून वकिलामार्फत नोटीस धाडली. रखमाबाईंनी नकार दिला आणि प्रकरण मुंबई हायकोर्टात गेलं.

दादाजींनी मागितलेला हक्क हिंदू धर्मशास्त्रातून आलेला नव्हता. जोडीदाराला कोर्टाच्या हुकमाने घरी आणायचं, ही इंग्लंडच्या चर्चच्या न्यायालयांची पद्धत. इंग्रजांबरोबर ती इथे आली. हुकूम मोडला तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा मालमत्तेवर जप्ती, अशी तरतूद इथल्या दिवाणी कायद्यात होती. गंमत म्हणजे ज्या १८८४ मध्ये हा दावा दाखल झाला, त्याच वर्षी इंग्लंडने स्वतःच्या देशात अशा प्रकरणातली कैद रद्द केली. इथे मात्र ती तशीच राहिली.

सप्टेंबर १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्ही यांनी निकाल रखमाबाईंच्या बाजूने दिला. जे दोघं कधी एकत्र राहिलेच नाहीत, त्यांचं सहजीवन परत सुरू कसं करायचं, असा त्यांचा मुद्दा होता. शिवाय अजाण वयात लावलेल्या लग्नासाठी सज्ञान बाईवर जबरदस्ती करणं त्यांना पटलं नाही.

या निकालाने वादळ उठलं. बेहरामजी मलबारींसारखे सुधारक रखमाबाईंच्या पाठीशी उभे राहिले. दुसरीकडे टिळकांच्या केसरीने निकालावर टीका केली. त्याच वर्षी एक हिंदू स्त्री या टोपणनावाने टाइम्स ऑफ इंडियात बालविवाह आणि विधवांच्या हालांवर पत्रं छापून आली होती. ती रखमाबाईंनीच लिहिली होती, हे नंतर उघड झालं.

अपिलात निकाल फिरला. फेरसुनावणीनंतर मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम काढला, की महिन्याभरात नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. बावीस वर्षांच्या रखमाबाईंनी तुरुंग पत्करायची तयारी दाखवली. हुकूम त्या पाळणार नव्हत्या.

व्हिक्टोरिया राणीने मध्ये पडून हे लग्न मोडलं, अशी गोष्ट सोशल मीडियावर नेहमी फिरते. प्रत्यक्षात प्रकरण मिटलं ते तडजोडीने. जुलै १८८८ मध्ये दादाजींनी दोन हजार रुपये घेतले आणि हुकमाची अंमलबजावणी सोडून दिली. म्हणजे रखमाबाई कोर्टात जिंकल्या नाहीत, स्वातंत्र्यासाठी त्यांना पैसे मोजावे लागले.

पुढच्याच वर्षी कामा हॉस्पिटलच्या डॉ. एडिथ पेची यांच्या प्रोत्साहनाने त्या लंडनला वैद्यकीय शिक्षणासाठी गेल्या. डॉक्टर होऊन परतल्यावर त्यांनी आधी सुरतेत आणि नंतर राजकोटला बायकांच्या दवाखान्यांत काम केलं. प्रत्यक्ष रुग्णसेवा करणाऱ्या भारतातल्या अगदी सुरुवातीच्या महिला डॉक्टरांमध्ये त्यांची गणना होते. त्यांनी पुन्हा लग्न केलं नाही. २५ सप्टेंबर १९५५ रोजी, वयाच्या नव्वदाव्या वर्षी त्यांचं निधन झालं.

कायदा हळूहळू हलत गेला. रखमाबाईंचा खटला आणि १८९० मध्ये बंगालमध्ये नवऱ्याच्या जबरदस्तीमुळे झालेला अल्पवयीन फुलमणी दासीचा मृत्यू, यांनी ढवळून निघालेल्या वातावरणात १८९१ चा संमतिवयाचा कायदा आला. त्याने ही वयोमर्यादा दहावरून बारावर नेली. नांदायला न जाण्याबद्दलची कैद १९२३ मध्ये रद्द झाली. आणि मुलीचं लग्न लहानपणी लावणं हा गुन्हा ठरला १९२९ च्या शारदा कायद्याने. त्यात मुलीसाठी मर्यादा होती चौदा वर्षांची.

अकरा वर्षांच्या रखमाबाईंना बोहल्यावर चढवलं, तेव्हा हा कायदा असता तर दोषी ठरले असते ते लग्न लावणारे. तो यायला त्यांच्या लग्नानंतर पन्नासहून जास्त वर्षं लागली.

आणि तो जुना हक्क? हिंदू विवाह कायद्याच्या कलम ९ मध्ये तो आजही आहे. आता त्यासाठी कुणी तुरुंगात जात नाही, पण जोडीदाराला नांदायला बोलावण्याचा हुकूम कोर्टाकडून आजही मागता येतो.