डॉ. रखमाबाई : एका विद्यार्थिनीने निवडलेली वाट

परीक्षांचे निकाल लागले की आपल्या मंडळातील घराघरांतून एकच चर्चा सुरू होते : मुलाला वा मुलीला कोणत्या शहरी, कोणत्या महाविद्यालयात धाडावे? सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी मुंबईच्या एका मराठी तरुणीपुढे हाच प्रश्न उभा होता. मात्र तिच्यापुढे दारे फार नव्हती, आणि जी होती त्यांतील बहुतेक बंद होती. त्या तरुणीचे नाव रखमाबाई.

रखमाबाईंचा जन्म 22 नोव्हेंबर 1864 रोजी झाला. वडील जनार्दन पांडुरंग लवकर निवर्तले. आई जयंतीबाई यांनी डॉ. सखाराम अर्जुन राऊत यांच्याशी पुनर्विवाह केला. डॉ. सखाराम हे ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयात वनस्पतिशास्त्राचे अध्यापक होते. अकराव्या वर्षी रखमाबाईंचे लग्न दादाजी भिकाजी यांच्याशी लावण्यात आले. पण त्या माहेरीच राहिल्या आणि मिशनच्या वाचनालयातून आणलेल्या पुस्तकांवर त्यांनी घरीच आपले शिक्षण चालविले.

1884 मध्ये पत्नीने नांदावयास यावे म्हणून दादाजींनी मुंबईच्या उच्च न्यायालयात दावा लावला. 1885 मध्ये न्यायमूर्ती पिन्ही यांनी निकाल रखमाबाईंच्या बाजूने दिला. त्याच वर्षी सावत्र वडिलांचे छत्र हरपले. अपिलात तो निकाल टिकला नाही, आणि मार्च 1887 मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी आज्ञा केली की त्यांनी पतीगृही जावे, अथवा सहा महिन्यांचा कारावास भोगावा. रखमाबाईंनी तुरुंग पत्करण्याची तयारी दाखविली. पुण्याच्या केसरीसह अनेक पत्रांनी त्यांच्यावर टीका केली. अखेर जुलै 1888 मध्ये दोन हजार रुपये घेऊन दादाजींनी हक्क सोडला आणि ते प्रकरण मिटले.

आता पुढे काय? डॉक्टर होण्याची इच्छा मनात होती. ग्रँट महाविद्यालयाने 1883 पासून स्त्रियांना प्रवेश दिला होता, आणि ते तर घराजवळचे, वडिलांच्या परिचयाचे. परंतु ज्या शहरात चार वर्षे आपले नाव चव्हाट्यावर आले, त्याच शहरात पुस्तक उघडून बसणे सोपे नव्हते. शिवाय आनंदीबाई जोशी यांचे उदाहरण डोळ्यांपुढे ताजे होते. त्या 1886 मध्ये फिलाडेल्फियाहून पदवी घेऊन परतल्या आणि 1887 मध्येच क्षयाने गेल्या.

या वळणावर भेटल्या कामा रुग्णालयाच्या डॉ. एडिथ पीची. 1869 मध्ये एडिंबरो विद्यापीठात वैद्यकाच्या अभ्यासास बसलेल्या पहिल्या स्त्रियांपैकी त्या एक. तेथे त्यांच्या वाट्यास दंगा आणि चिखलफेक आली, आणि शेवटी विद्यापीठाने पदवीही नाकारली. त्यांच्या सहाध्यायी सोफिया जेक्स-ब्लेक यांनी मग 1874 मध्ये लंडनला स्त्रियांसाठी वैद्यकीय शाळा स्थापन केली. नुसती व्याख्याने ऐकून डॉक्टर होता येत नाही. त्यासाठी रुग्णाच्या खाटेपाशी उभे राहावे लागते. लंडनच्या इतर मोठ्या रुग्णालयांच्या शाळा स्त्रियांना आत घेत नव्हत्या. 1877 मध्ये ग्रेज इन रस्त्यावरील रॉयल फ्री रुग्णालयाने ती सोय करून दिली, आणि शाळा खऱ्या अर्थाने उभी राहिली. एवढ्या अवाढव्य राजधानीत रखमाबाईंसाठी योग्य जागा होती ती ही एकच.

डॉ. पीची यांनी प्रोत्साहन दिले, इंग्लंडमधील स्नेह्यांनी द्रव्यसाहाय्य उभे केले आणि 1889 मध्ये, वयाच्या पंचविशीच्या उंबरठ्यावर, रखमाबाई लंडनला पोहोचल्या. शाळेच्या प्रमुखपदी तेव्हा डॉ. एलिझाबेथ गॅरेट अँडरसन होत्या. पाच वर्षांच्या कष्टानंतर 1894 मध्ये त्यांनी स्कॉटलंडमधील वैद्यकीय महाविद्यालयांची संयुक्त परीक्षा उत्तीर्ण केली. ज्या एडिंबरोने पीचींना पदवीविना परत पाठविले होते, तेथील रॉयल कॉलेजांनी 1886 पासून स्त्रियांना परीक्षेची मुभा दिली होती. गुरूला न उघडलेले दार शिष्येला उघडले! ब्रुसेल्स येथून त्यांनी एम.डी. ही पदवीही मिळविली.

परतल्यावर त्या मुंबईत स्थिरावल्या नाहीत. 1895 मध्ये त्यांनी सुरतेच्या स्त्री-रुग्णालयाची सूत्रे हाती घेतली, आणि पुढे राजकोटच्या जनाना रुग्णालयात काम केले. उणीपुरी पस्तीस वर्षे ही मराठी स्त्री गुजराती बायाबापड्यांची सेवा करीत राहिली. निवृत्तीच्या सुमारास त्यांनी पडद्याची चाल मोडावी असे प्रतिपादन करणारी पुस्तिका लिहिली. 25 सप्टेंबर 1955 रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.

शाळा निवडताना रखमाबाईंनी तिचा डामडौल पाहिला नाही. आपल्याला खरोखर काम शिकता येईल काय, हे पाहिले. आणि शिकून झाल्यावर जेथे गरज होती तेथेच आपले घर मानले. परमुलुखात संसार मांडलेल्या आपणा सर्वांना या दोन्ही गोष्टी जवळच्या वाटाव्यात. आपल्या मुली आज दूरच्या शहरांकडे निघतात, तेव्हा त्यांच्या शिदोरीत ही आठवणही असावी.