फ्लॉरेन्स नाइटिंगेल

हाती दिवा घेतलेली परिचारिका म्हणून फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांची कीर्ती सर्वश्रुत आहे. त्यांचे गणितप्रेम मात्र थोड्यांनाच ठाऊक असते. क्रिमियाच्या युद्धात, इ. स. १८५४ च्या नोव्हेंबरात, त्या तुर्कस्तानातील स्कुटारीच्या लष्करी रुग्णालयात आल्या. तेथे मृतांच्या एका नोंदवहीचा मेळ दुसरीशी बसेना! मायदेशी परतल्यावर विल्यम फार या संख्याशास्त्रज्ञाच्या साहाय्याने त्यांनी आकडे जुळवले आणि १८५८ साली ते चित्ररूपाने मांडले. वर्तुळाकार मांडलेली प्रत्येक पाकळी म्हणजे एक महिना. तांबडा रंग जखमांनी मेलेल्यांचा, निळा टाळता येण्याजोग्या रोगांनी मेलेल्यांचा. निळ्यापुढे तांबडा अगदीच तोकडा दिसे. मग १८६० मध्ये, एका रुग्णालयाचे आकडे दुसऱ्याशी ताडून पाहता यावेत, म्हणून त्यांनी लंडन येथील आंतरराष्ट्रीय संख्याशास्त्र परिषदेपुढे नोंदींचा एकच नमुना ठेवला.