बिग ब्रदरची नोकरी केलेला माणूस

‘बिग ब्रदर’ म्हटलं की आपल्यातल्या निम्म्यांना टीव्हीवरचा शो आठवतो. नाव आलंय जॉर्ज ऑर्वेलच्या ‘नाइन्टीन एटी-फोर’ या कादंबरीतून. चोवीस तास पाळत, आई-बापांना पकडून देणारी पोरं, रोज बदलणारा इतिहास. हे सगळं त्याला सुचलं कुठून? बरंचसं त्याने स्वतः पाहिलं होतं. आणि दरवेळी तो सोसणाऱ्यांच्या बाजूला नव्हता.

खरं नाव एरिक आर्थर ब्लेअर. जन्म १९०३ चा, आपल्या बिहारमधल्या मोतिहारीचा. वडील ब्रिटिश सरकारच्या अफू खात्यात. वर्षभराचा असताना आई त्याला घेऊन इंग्लंडला गेली. ईटनसारख्या बड्या शाळेत शिकला, पण युनिव्हर्सिटीत न जाता १९ व्या वर्षी थेट ब्रह्मदेशात पोलिसात भरती झाला. तुरुंग, फटके, फाशी हे सगळं त्याने पाच वर्षं वर्दीत उभं राहून पाहिलं. लोक आपल्याला घाबरतात आणि आपण त्यांच्या हसण्याला घाबरतो, हे त्याला तिथे कळलं. हत्तीला गोळी घालण्याबद्दलचा त्याचा निबंध त्यावरच आहे. जमावापुढे हसं होऊ नये म्हणून साहेब बंदूक चालवतो. १९२७ मध्ये रजेवर घरी आला आणि राजीनामा देऊन टाकला.

डिसेंबर १९३६ मध्ये तो फ्रँकोच्या फौजांशी लढायला स्पेनला गेला. मे १९३७ मध्ये गोळी गळ्यातून आरपार गेली, तरी वाचला. खरा धक्का पुढेच होता. बार्सिलोनाला परतला तर हॉटेलच्या लॉबीत बायको आयलीनने हसत गळ्यात हात टाकला आणि कानात सांगितलं, आत्ताच्या आत्ता बाहेर पड. ज्या ‘पौम’ पक्षाच्या तुकडीत तो लढला, तो पक्षच बेकायदा ठरला होता. तेही शत्रूने नाही, आपल्याच बाजूच्या सरकारने, कम्युनिस्टांच्या दबावाखाली. सोबती तुरुंगात गेले. रात्री कुठल्यातरी पडक्या चर्चमध्ये झोपायचं, दिवसा पैसेवाल्या इंग्लिश टुरिस्टासारखं हिंडायचं, असे काही दिवस काढून दोघं फ्रान्समध्ये निसटली. इंग्लंडला येऊन बघतो तर तिथली बरीच डावी मंडळी त्याच्या साथीदारांना फॅसिस्टांचे हस्तक ठरवून मोकळी झालेली!

मग १९४१ ते ४३ बीबीसीची नोकरी. काम काय, तर युद्धकाळात हिंदुस्थानातल्या श्रोत्यांसाठी सरकारी बाजूचा प्रचार. त्याने लिहिलेली बातमीपत्रं मराठीतूनही जायची आणि सहकाऱ्यांमध्ये आपल्या वेणू चितळे होत्या. मजकूर आधी सेन्सॉरकडून पास करून घ्यायचा. कादंबरीतला विन्स्टन स्मिथ सत्य मंत्रालयात बसून जुनी वर्तमानपत्रं ‘दुरुस्त’ करतो. मनातून सत्तेचा द्वेष करतो, पण ते काम त्याला चक्क आवडतं. छळाच्या त्या खोलीपेक्षा मला हाच तपशील जास्त भीतीदायक वाटतो.

१९४५ मध्ये आयलीन एका ऑपरेशनदरम्यान गेली. क्षयाने पोखरलेल्या ऑर्वेलने स्कॉटलंडच्या जुरा बेटावर कादंबरी पूर्ण केली. टायपिस्ट मिळेना म्हणून अंथरुणात बसून स्वतःच टाइप केली. ८ जून १९४९ ला ती बाजारात आली.

त्याच्या महिनाभर आधी त्याने आणखी एक काम केलं होतं. ब्रिटिश परराष्ट्र खात्याच्या एका गुप्त प्रचार विभागाला ३८ नावं कळवली. लेखक, पत्रकार, नट. त्याच्या मते कम्युनिस्टांकडे झुकलेले, म्हणून प्रचाराच्या कामाला घेऊ नयेत असे. त्या विभागात त्याची एक जवळची मैत्रीण होती आणि तो मरणाच्या दारात होता, असं त्याचे चाहते सांगतात. दोन्ही खरं आहे. पण नावं त्यानेच दिली होती.

२१ जानेवारी १९५० ला लंडनच्या हॉस्पिटलमध्ये तो गेला. वय ४६. ती यादी लोकांसमोर आली २००३ मध्ये, नेमकी त्याच्या जन्मशताब्दीच्या वर्षी.