बाबासाहेबांची लेखणी आणि आमची कोरी वही

आमच्या वस्तीत बाबासाहेबांचा पुतळा उभा राहतो तेव्हा त्यांच्या हातात संविधान असते आणि कोटाच्या खिशाला पेन असते. संविधानावर आम्ही भाषणे करतो, मोर्चे काढतो आणि ते केलेच पाहिजे. पण त्या पेनाकडे आमचे लक्ष जात नाही. ते पेन रोज किती चालले, कोणत्या हालात चालले आणि ते कधी थांबले, याचा विचार चळवळीने गंभीरपणे केलेला नाही. म्हणून आज आम्ही बाबासाहेबांचे चरित्र फक्त लेखणीच्या बाजूने सांगणार आहोत.

बाबासाहेब विद्वान होते म्हणून त्यांनी लिहिले, असे आम्ही सहज म्हणून जातो. खरा क्रम उलटा आहे. ते रोज वाचत आणि रोज लिहीत, म्हणून विद्वान झाले. १९१३ साली बडोद्याच्या महाराजांची शिष्यवृत्ती घेऊन ते कोलंबिया विद्यापीठात गेले. तीन वर्षांच्या आत, ९ मे १९१६ रोजी, त्यांनी डॉ. गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात भारतातील जातींवरचा निबंध वाचला. तेव्हा त्यांचे वय पंचवीस होते. जातीची उत्पत्ती आणि तिची यंत्रणा यांवर बोलणारा अभ्यासक आजही त्या निबंधाला वळसा घालून पुढे जाऊ शकत नाही.

त्यानंतर ते लंडनला गेले. शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे १९१७ साली अभ्यास अर्धवट टाकून परत यावे लागले. पहिले महायुद्ध चालू होते. त्यांची पुस्तके ज्या बोटीने येत होती ती बोट बुडाली. पोटाला चिमटा घेऊन जमवलेले ग्रंथ समुद्राच्या तळाशी गेले. दुसरा कोणी असता तर कपाळाला हात लावून बसला असता. बाबासाहेबांनी सिडनहॅम महाविद्यालयात नोकरी केली, पैसे साठवले आणि १९२० साली पुन्हा लंडन गाठले. ग्रंथालय उघडताना आत जायचे आणि बंद होताना बाहेर पडायचे, अर्धपोटी राहायचे, रात्री खोलीवर येऊन पुन्हा वाचत बसायचे, असा त्यांचा तेथला दिनक्रम होता. १९२२ साली सादर केलेला रुपयावरचा प्रबंध परीक्षकांना खटकला आणि तो सुधारून देण्यास सांगण्यात आले. बाबासाहेबांनी तो पुन्हा लिहिला आणि १९२३ साली डी.एस्सी. मिळवली. आमच्या मुलाचा एक अर्ज परत आला की तो लिहिणेच सोडून देतो. त्या मुलाला हा प्रसंग सांगितला पाहिजे.

दुसऱ्यांदा लंडनला जाण्याआधी, ३१ जानेवारी १९२० रोजी, त्यांनी ‘मूकनायक’ सुरू केले होते. राजर्षी शाहू महाराजांनी त्यासाठी अडीच हजार रुपयांची मदत केली. बाबासाहेब तेव्हा सरकारी महाविद्यालयात प्राध्यापक असल्याने संपादक म्हणून नाव पांडुरंग भटकर यांचे होते, पण सुरुवातीच्या अग्रलेखांमागे लेखणी बाबासाहेबांची होती. ते विलायतेला गेले आणि पत्राची घडी विसकटली. पुढे ते बंद पडले. पैसा मिळाला, वाचक मिळाले, पण रोज लिहिणारे हात समाजात तयार झालेले नव्हते. हे दुखणे शंभर वर्षांपूर्वीचे आहे आणि आजही ते पुरते बरे झालेले नाही.

१९२७ साल उजाडले. २० मार्चला महाडचे चवदार तळे आमच्या ओंजळीत आले आणि अवघ्या दोन आठवड्यांनी, ३ एप्रिलला, ‘बहिष्कृत भारत’चा पहिला अंक निघाला. हा योगायोग नव्हता. तळ्यावर काय घडले हे विरोधकांची वृत्तपत्रे आपल्या सोयीने सांगणार, हे बाबासाहेब जाणून होते. या काळात त्यांची वकिली चालू होती, मुंबई कायदेमंडळाचे काम होते, सभा-परिषदा होत्या. एवढे सगळे उरकून त्यांना एकेका अंकाचे चोवीस-चोवीस रकाने एकट्याने भरावे लागत. त्याचा मोबदला नाही, हाताखाली लेखकवर्ग नाही. दिवस समाजाच्या आणि पक्षकारांच्या कामाला जाई, लेखणीला रात्र मिळे. १९२९ साली ते पत्र बंद करावे लागले, तेव्हा वर्गणी न देणारा आणि लेख न पाठवणारा समाज बाबासाहेबांनी स्वतः अनुभवला होता. तरीही ते थांबले नाहीत. १९३० साली ‘जनता’ निघाले आणि १९५६ साली त्याचेच ‘प्रबुद्ध भारत’ झाले.

१९३६ साली लाहोरच्या जात-पात तोडक मंडळाने त्यांना अध्यक्ष म्हणून बोलावले. लिहून पाठवलेले भाषण पचले नाही म्हणून अधिवेशनच रद्द केले. बोलायला व्यासपीठ उरले नाही, पण कागद हाती होता. बाबासाहेबांनी स्वतःच्या खर्चाने त्या भाषणाच्या १,५०० प्रती छापल्या आणि दोन महिन्यांत त्या संपल्या. ते भाषण लाहोरला झाले असते तर शे-पाचशे लोकांनी ऐकले असते आणि विसरले असते. लिहिलेले होते म्हणून ते जगभर गेले.

१९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते. मंत्रिपद म्हणजे फायलींचा डोंगर. त्या डोंगराखालून त्यांनी १९४५ साली काँग्रेस आणि गांधींच्या अस्पृश्योद्धाराचा हिशेब मांडणारा ग्रंथ आणि १९४६ साली शूद्रांच्या मुळाचा शोध घेणारा ग्रंथ बाहेर काढला. २९ ऑगस्ट १९४७ रोजी मसुदा समिती नेमली गेली. सात जणांची समिती होती, पण कोणी राजीनामा दिला, कोणी वारले, कोणी दूर राहिले आणि शेवटी भार एकट्या बाबासाहेबांवर पडला. हे संविधान सभेतच समितीचे एक सभासद टी. टी. कृष्णम्माचारी यांनी सांगून ठेवले आहे. मधुमेहाने शरीर पोखरलेले, पायाच्या वेदनेने झोप नाही आणि तरी कलमामागून कलम तयार होत होते.

१९५१ साली मंत्रिपद सोडल्यावर त्यांनी सगळी शक्ती ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाला दिली. दिल्लीच्या घरी नानकचंद रत्तू सरकारी नोकरी संपवून येत आणि रात्री उशिरापर्यंत टंकलेखन करत. ५ डिसेंबर १९५६ च्या रात्री बाबासाहेबांनी त्या ग्रंथाच्या प्रास्ताविकाचे कागद आपल्या जवळ ठेवून घेतले. ६ डिसेंबरची सकाळ त्यांनी पाहिली नाही. ग्रंथ १९५७ साली प्रसिद्ध झाला. शेवटच्या रात्रीही त्यांचे त्या दिवसाचे लिखाण चुकले नव्हते.

आता प्रश्न असा की, इतके काम ते आटोक्यात कसे ठेवत? त्यांच्या मागे राहिलेल्या हस्तलिखितांतून याचे उत्तर मिळते. ग्रंथ लिहायला घेण्याआधी ते प्रकरणांची यादी करत. कोणते प्रकरण झाले, कोणते अर्धे आहे, कोणते नुसते शीर्षकावर आहे, हे कागद पाहताच कळते. म्हणजे त्यांच्यापाशी कामाचा हिशेब होता. १९७६ साली महाराष्ट्र शासनाने प्रकाशन समिती नेमली आणि १९७९ साली लेखन आणि भाषणांचा पहिला खंड निघाला. वसंत मून यांनी त्या कागदांसाठी आयुष्य वेचले. त्या खंडांत अपुरी प्रकरणे आहेत, गहाळ पाने आहेत. रोज लिहिणाऱ्या बाबासाहेबांचेही सगळे लिहून झाले नाही. जे कधीच लिहीत नाहीत त्यांचे काय राहणार, याचा विचार आम्ही करावा.

आम्ही जालना जिल्ह्यातून हे लिहितो आहोत. हा मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. येथील आमच्या माणसाला शाळेचे दार उशिरा दिसले. बाबासाहेबांनी १९५० साली तेव्हाच्या औरंगाबादला महाविद्यालय काढले, तेच पुढे मिलिंद झाले आणि मराठवाड्याच्या खेड्यापाड्यांतून आमची पहिली पिढी तेथे शिकायला गेली. त्याच नागसेनवनाच्या परिसरात गंगाधर पानतावणे यांनी ‘अस्मितादर्श’ चालवले आणि नव्या लेखकांची रांग उभी केली. म्हणजे लिहिण्याचा वारसा आमच्याकडे आहे. सवय मात्र मोडत चालली आहे.

याची किंमत आम्ही मोजतो आहोत. २७ जुलै १९७८ रोजी नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाड्यात आमची घरे जळाली. १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला. त्या सोळा वर्षांत जे रानात लपले, तुरुंगात गेले, ज्यांनी गाव सोडले, ती माणसे आता सत्तरीच्या पुढे आहेत आणि एकेक करून जात आहेत. त्यांच्या आठवणी कोणाच्या वहीत आहेत? गायरानाचेही तेच. शासनाने १९९१ साली, १४ एप्रिल १९९० पर्यंतची मागासवर्गीय भूमिहीनांची गायरानावरील अतिक्रमणे नियमित करण्याचा निर्णय घेतला. पण जमीन कधीपासून कसतो हे दाखवायला कागद लागतो. १-ई च्या नोंदवहीत नाव लागते, दंडाची पावती लागते. ज्याने तारीख, पेरा आणि पावती जपली तो भांडू शकला. ज्याच्याकडे फक्त तोंडी हकीकत होती, तो तहसीलच्या पायऱ्या झिजवत राहिला.

कोणी म्हणेल, बाबासाहेब ते बाबासाहेब. आम्ही स्टीलच्या कारखान्यात पाळी करणारे, ऊसतोडीला जाणारे, आम्हाला वेळ कुठला? त्यांना आमचे उत्तर एवढेच की, चोवीस रकाने कोणी मागत नाही. रोज एक पान लिहा, ते जड गेले तर पाच ओळी लिहा. दोनशे पानी वही घ्या. वर तारीख घाला, गावाचे नाव घाला, जे पाहिले ते लिहा. वहीच्या शेवटच्या पानावर महिन्याचे दिवस मांडा आणि लिहिले त्या दिवशी खूण करा. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट लिहायच्या फंदात पडू नका, फक्त त्या दिवसाचे लिहा. सलग दोन दिवस मात्र रिकामे जाऊ देऊ नका. रात्री डोळा लागत असेल तर पहाटे लिहा, पण वेळ आणि जागा एकच ठेवा. ज्यांना लिहिता येत नाही त्या आजी-आजोबांचे सांगणे नातवाने उतरवून घ्यावे आणि त्यांना वाचून दाखवावे.

ही वही एकट्याची राहिली तर सवय टिकत नाही. म्हणून रविवारी विहारात वंदना झाली की, प्रत्येकाने आठवड्यातले एक पान वाचावे. अंबडपासून जाफराबादपर्यंत, परतूरपासून भोकरदनपर्यंत, ज्या विहारात पाच वह्या चालू होतील तेथे वर्षाकाठी गावाचा इतिहास तयार होईल. जयंतीच्या वर्गणीतून ध्वनिक्षेपकाच्या भिंती उभ्या राहतात, त्यातले थोडे पैसे वह्यांना आणि पेनांना द्यायला कोणाची हरकत असू नये.

आमच्याविषयी इतरांनी हजारो वर्षे लिहिले आणि त्यांनी लिहिले तेच खरे ठरले. बाबासाहेबांनी तो क्रम आयुष्यभर रात्री जागून मोडला. त्यांच्या खिशातले पेन शोभेचे नव्हते. ते आमच्या हाती यावे म्हणून त्यांनी आम्हाला शाळा दिली. आज रात्री झोपण्याआधी वहीवर तारीख घाला.

जयभीम!