डॉक्टर होसे रिझाल

वसईच्या भूमीत जन्मलेले संत गोन्सालो गार्सिया ह्यांच्या चरित्रामुळे मनिला शहराचे नाव आम्हां मराठी कॅथलिकांस परके नाही. त्याच शहरी त्यांनी फ्रान्सिस्कन संघाचा झगा अंगीकारिला व तेथूनच ते जपानास गेले. १५९७ साली नागासाकी येथे त्यांस क्रुसावर हौतात्म्य प्राप्त झाले. पुढे तीन शतकांनी, १८९६ च्या डिसेंबराच्या ३० तारखेस, त्याच मनिला शहरी पस्तीस वर्षांच्या एका वैद्यास स्पेनच्या सरकारने बंदुकीच्या गोळ्यांनी ठार केले. त्यांचे नाव होसे रिझाल. फिलिपाइन्स देशात आज हा दिवस राष्ट्रीय स्मरणाचा म्हणून पाळतात. ज्याने मठवासी संन्याशांविरुद्ध लेखणी चालविली, त्याचे चरित्र धर्मग्रामाच्या स्मरणिकेत कशास, असे काही वाचक विचारतील. हा प्रश्न आम्ही टाळीत नाही. परंतु तो सुटावयाचा तर आधी तो मुलगा विलायतेस का गेला हे पाहिले पाहिजे.

लुझोन बेटावरील कालांबा गावी १९ जून १८६१ रोजी रिझाल जन्मले. अकरा भावंडांतील ते सातवे. घरची शेती दोमिनिकन संघाच्या जमिनीवर खंडाने केलेली होती. माता तेओदोरा आलोन्सो ह्या सुशिक्षित व अत्यंत भाविक. मुलगा अवघा दहा वर्षांचा असता ह्या मातेवर विषप्रयोगाचा खोटा आळ आला, त्यांस पायी चालवीत तुरुंगाच्या गावी नेण्यात आले आणि सुमारे अडीच वर्षे त्या बंदिवासात राहिल्या. त्याच सुमारास, १७ फेब्रुवारी १८७२ रोजी, गोमेस, बुर्गोस व सामोरा ह्या तिघां देशी धर्मगुरूंस बंडाच्या आरोपावरून मनिला येथे फासाची शिक्षा झाली. त्यांतील फादर बुर्गोस ह्यांच्या घरी रिझालांचे थोरले बंधू पासियानो राहत असत. ह्या दोन्ही गोष्टी त्या बालमनातून कधीच पुसल्या गेल्या नाहीत.

मनिलाच्या आतेनेओ ह्या शाळेत येशूसंघीय धर्मगुरूंच्या हाताखाली त्यांचे शिक्षण झाले, आणि त्या गुरूंविषयीचा आदर त्यांनी अखेरपर्यंत सोडिला नाही. तेथे असताना त्यांनी चाकूने लाकूड कोरून येशूच्या पवित्र हृदयाची एक लहानशी मूर्ती घडविली. एका गुरूंनी ती स्पेनला नेण्यासाठी मागून घेतली होती, परंतु जाताना ती मागेच राहिली व विद्यार्थ्यांनी ती आपल्या निजण्याच्या खोलीच्या दारावर बसविली. वाचकांनी ही मूर्ती ध्यानात ठेवावी.

पुढे सांतो तोमास विद्यापीठात वैद्यकाचा अभ्यास चालू असता मातेची दृष्टी मंदावू लागली; डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता. नेत्रवैद्यच व्हावे हा निश्चय तेथूनच झाला असावा असे आम्हांस वाटते. मुलाने फार शिकू नये, शिकल्यास त्याचे शिर जाईल, अशी धास्ती त्या मातेस पूर्वीपासूनच होती. म्हणून ३ मे १८८२ रोजी ‘साल्वादोरा’ बोटीत पाऊल ठेविले ते आईबापांस न सांगता. बेत ठाऊक होता तो पासियानो ह्यांस व मोजक्याच आप्तमित्रांस. सिंगापुरास बोट बदलून कोलंबो, एडन, सुवेझ ह्या मार्गाने ते मार्सेल्स बंदरी उतरले व जून महिन्यात बार्सेलोनास पोहोचले.

माद्रिद येथे त्यांनी वैद्यक आणि तत्त्वज्ञान व साहित्य असे दोन अभ्यासक्रम एकाच वेळी धरिले. शिवाय चित्रकला, तलवारबाजी व नाना भाषा. पैसा येई तो पासियानोंकडून, आणि तोही वेळेवर येईच असे नाही. जे हाती पडे त्यातील बराच भाग जुन्या पुस्तकांच्या दुकानी जाई. सोडतीचे तिकीट घेण्याची मात्र त्यांस आवड होती. मनुष्याच्या अंगी एवढे व्यसन असावयाचेच! २५ जून १८८४ चा दिवस तर विलक्षण. त्या दिवशी पोटात अन्नाचा कण नसता त्यांनी ग्रीक भाषेच्या स्पर्धेत बक्षीस मिळविले, आणि सायंकाळी हुआन लूना व इदाल्गो ह्या विजयी फिलिपिनो चित्रकारांच्या सत्काराच्या मेजवानीत असे भाषण केले की मायदेशी त्याचा बोभाटा झाला व ते ऐकून माता आजारी पडली. त्याच वर्षी त्यांस वैद्यकी करण्याची पदवी मिळाली व पुढील वर्षी साहित्याची. वैद्यकातील सर्वोच्च उपाधीचे प्रमाणपत्र मात्र त्यांच्या हाती कधीच आले नाही. जग त्यांस डॉक्टर म्हणते, ते त्यांच्या हातच्या गुणामुळे.

१८८५ च्या अखेरीस ते पॅरिसला गेले व लुई द वेकर ह्या विख्यात नेत्रवैद्यांचे साहाय्यक झाले. तेथून फेब्रुवारी १८८६ मध्ये हायडेलबर्ग येथील प्रोफेसर ओट्टो बेकर ह्यांच्या नेत्ररुग्णालयात. ह्या काळात विल्हेल्म्सफेल्ड खेड्यात ते एका प्रॉटेस्टंट पाळकाच्या घरी काही महिने राहिले. तो पाळक व तेथील कॅथलिक धर्मगुरू ह्यांचा परस्परस्नेह पाहून त्यांस मोठे नवल वाटले, कारण मायदेशी त्यांनी असे काही पाहिलेच नव्हते. बोहेमियातील लाइटमेरित्स गावचे शिक्षक फर्डिनांड ब्लुमेनट्रिट ह्यांस त्यांनी ह्याच वर्षी प्रथम पत्र लिहिले. हे गृहस्थ निष्ठावंत कॅथलिक. पुढे दोघांचा पत्रव्यवहार सख्ख्या भावांसारखा चालला.

बर्लिनचा १८८६-८७ चा हिवाळा फार कष्टाचा गेला. दिवसास एकदाच जेवण, खोकल्याने क्षयाची भीती, खोली थंडगार. त्यात पोलिसांस हा परका तरुण फ्रेंचांचा हेर वाटला! अशा स्थितीत ‘नोली मे तांगेरे’ ही स्पॅनिश कादंबरी पुरी झाली. छपाईचा खर्च कमी व्हावा म्हणून एक प्रकरण गाळले, आणि माक्सिमो व्हियोला ह्या स्नेह्याने ३०० पेसो उसने दिले तेव्हा मार्च १८८७ मध्ये तिच्या २,००० प्रती निघाल्या. पुस्तकाचे नाव संत योहानाच्या शुभवर्तमानातील, पुनरुत्थित प्रभूने माग्दालेना मरियेस उद्देशून काढलेल्या शब्दांचे. मठाधिकाऱ्यांचा जुलूम, लोभ व दांभिकपणा ह्यांवर त्यात कठोर प्रहार आहेत. काही ठिकाणी हे प्रहार उपासनेच्या रीतींवरही पडतात. त्यांची प्रत्येक ओळ आम्ही मान्य करीत नाही. त्यांनी माद्रिद येथे फ्रीमेसन मंडळीत प्रवेश केला होता, हेही लपविण्याचे कारण नाही. परंतु ज्या जुलुमाचे त्यांनी वर्णन केले तो घडत होता, आणि तो झाकण्याने ख्रिस्तसभेचा मान वाढला असता असे आम्हांस वाटत नाही.

त्यानंतर व्हियोलांसह लाइटमेरित्स, प्राग, व्हिएन्ना, म्युनिक व जिनिव्हा पाहून रिझाल एकटेच इटलीत उतरले. रोम येथे २९ जून १८८७ रोजी, संत पेत्र व संत पौल ह्यांच्या सणाच्या दिवशी, त्यांनी व्हॅटिकनचे दर्शन घेतले. ऑगस्टात ते घरी परतले. मातेचा मोतीबिंदू तेव्हा पिकला नव्हता, आणि पुस्तकामुळे जिवास धोका उत्पन्न झाला होता, म्हणून फेब्रुवारी १८८८ मध्ये पुन्हा देश सोडणे भाग पडले. लंडन, पॅरिस, ब्रसेल्स अशी तीन वर्षे गेली. १८९१ साली गेंट येथे छापलेली दुसरी कादंबरी त्यांनी त्या तिघां हुतात्म्या धर्मगुरूंस अर्पण केली. ह्याच सुमारास खंडाच्या वादात कालांबाच्या कुळांस जमिनीवरून हुसकावण्यात आले, आणि त्यांत रिझालांचे कुटुंबही होते.

१८९१ च्या अखेरीस ते हाँगकाँगला दवाखाना घालून बसले. माता तेथे आली, आणि ज्याकरिता युरोपात अर्धपोटी राहून विद्या मिळविली होती ते काम मुलाने आपल्या हाताने केले. एका डोळ्यावरील शस्त्रक्रिया यशस्वी झाली. दुसऱ्या डोळ्यावर ती पुढे दापितान गावी झाली. तेथे १८९२ पासून चार वर्षे ते हद्दपारीत होते. त्यांनी रुग्ण तपासले, मुलांस शिकविले, आणि श्रद्धेच्या प्रश्नांवर येशूसंघीय फादर पास्तेल्स ह्यांच्याशी पत्रांतून दीर्घ वाद घातला.

१८९६ मध्ये क्यूबा बेटातील रुग्णांच्या सेवेस ते स्वखुशीने निघाले असता त्यांस धरून परत आणले, व लष्करी न्यायालयाने मृत्युदंड ठोठावला. अखेरच्या दिवशी आतेनेओचे धर्मगुरू कोठडीत आले, आणि त्यांतील एकाने बरोबर आणली होती ती लाकडी मूर्ती. तिच्या कर्त्याने ती ओळखली व आपल्या मेजावर ठेविली. त्या रात्री त्यांनी फ्रीमेसन मत सोडून पापनिवेदन केले व पहाटे ख्रिस्तप्रसाद घेतला, असे त्या धर्मगुरूंनी लिहून ठेविले आहे. तसा त्यांच्या सहीचा म्हणविणारा कागद १९३५ साली दप्तरात सापडला. तो खरा की खोटा ह्याविषयी विद्वानांचा वाद अद्याप मिटलेला नाही, आणि तो मिटविण्याचा अधिकार आम्ही आपणांकडे घेत नाही. त्याच कोठडीत मातेने आपल्या मुलास शेवटचे पाहिले. पहारेकऱ्यांनी तिला त्यास कवटाळू दिले नाही. पुढे १९११ पर्यंत ती हयात होती.