मलेरियाचा माग काढणारे हॉल्डेन

विदर्भात किंवा नंदुरबारकडे शिकत असाल, तर कॉलेजच्या कॅम्पमध्ये सिकलसेलची तपासणी बहुतेक झाली असेल तुमची. कधी विचार केलात, हा आजार त्याच पट्ट्यात एवढा का? याचा धागा ज्यांनी पकडला ते जे. बी. एस. हॉल्डेन आयुष्याच्या शेवटी भारताचे नागरिक झाले होते.

जन्म १८९२, ऑक्सफर्ड. वडील शरीरशास्त्रज्ञ. विषारी वायूंचे प्रयोग ते स्वतःवर करायचे आणि लहानग्या पोरालाही सोबत घ्यायचे! गंमत म्हणजे मुलाने पदवी घेतली ती ग्रीक-लॅटिनची. पण नाव झालं जनुकशास्त्रात.

१९४० च्या दशकात एक कोडं होतं. आई-वडील दोघांकडून थॅलेसेमियाचं सदोष जनुक आलं, तर ते मूल बहुधा लहानपणीच दगावायचं. मग हे जनुक हळूहळू संपायला हवं ना? पण इटली-ग्रीसकडे ते भरपूर सापडत होतं. तिथे जनुकात बिघाडच वारंवार होत असेल, असा एक अंदाज होता. हॉल्डेनना तो पटेना. १९४९ मध्ये त्यांनी वेगळंच सुचवलं : ज्याच्याकडे असं एकच जनुक असतं, त्याच्या लाल पेशी लहान असतात आणि तो मलेरियातून वाचत असावा. यासाठी स्वतः एकही प्रयोग केला नाही, नुसतं डोकं चालवलं! पुढे १९५४ मध्ये अँथनी अ‍ॅलिसन यांनी पूर्व आफ्रिकेत सिकलसेलबाबत याचे पुरावे दिले.

खरी मजा जनुकं वाचता यायला लागल्यावर कळली. थॅलेसेमिया एकच, पण बिघाड जागोजागी वेगळे. सार्डिनिया बेटावर जो सर्रास दिसतो, तो भारतातला नव्हे. आपल्याकडेही सिंधी समाजात जनुकाचा एक तुकडाच गळालेला आढळतो, इतरांत बहुधा एकच अक्षर बदललेलं. म्हणजे मलेरियाने एकच चूक जगभर नेली नाही. जिथे जी झाली, ती तिथे टिकवली. म्हणूनच आज गर्भाची तपासणी करताना डॉक्टर तुमचं कुटुंब मूळचं कुठलं, हेही विचारतात.

१९५७ मध्ये हॉल्डेन कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटमध्ये आले, कुर्त्यात वावरू लागले. तिथे बिनसल्यावर भुवनेश्वर गाठलं. कॅन्सर झाला, तर त्यावर चक्क विनोदी कविता लिहिली. १ डिसेंबर १९६४ ला ते गेले. देह त्यांच्या इच्छेप्रमाणे काकीनाड्याच्या मेडिकल कॉलेजात पोचला, तुमच्याच वयाच्या विद्यार्थ्यांना शिकण्यासाठी.