संशोधक डॉ. बाबासाहेब आंबेडकर

भारतीय राज्यघटनेचे शिल्पकार आणि धम्मचक्राचे प्रवर्तक म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे स्मरण आपण नित्य करतो. त्यांच्या जीवनाची आणखी एक बाजू विद्यार्थ्यांनी विशेष लक्ष देऊन पाहावी अशी आहे. बाबासाहेब हे समाजशास्त्रांचे संशोधक होते. एखाद्या प्रश्नावर पूर्वी कोणी काय लिहिले ते शोधावे, त्याची पारख करावी, मूळ कागदापर्यंत जावे आणि मगच आपले मत मांडावे, ही शिस्त त्यांनी आयुष्यभर पाळली.

14 एप्रिल 1891 रोजी महू येथे त्यांचा जन्म झाला. ज्या समाजात ते जन्मले, त्याला ज्ञानाची दारे बंद होती. हायस्कुलात त्यांना संस्कृत शिकण्याची इच्छा होती. जातीमुळे ती नाकारली गेली आणि त्यांना पर्शियन भाषा घ्यावी लागली. घरी मात्र वडील सुभेदार रामजी मुलाच्या पुस्तकांसाठी प्रसंगी आपल्या विवाहित मुलींचे दागिने गहाण ठेवून पैसे उभे करीत. चर्नी रोडच्या बागेत वाचत बसणाऱ्या या मुलाकडे कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजींचे लक्ष गेले. त्यांनी त्याला वाचावयास पुस्तके दिली आणि 1907 साली तो मॅट्रिक झाला तेव्हा स्वतः लिहिलेले गौतम बुद्धांचे चरित्र भेट दिले. कोणते पुस्तक वाचावे हे सांगणारा जाणता माणूस भेटणे, ही अभ्यासकाची पहिली गरज असते. ती अशा रीतीने भागली.

महाराज सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर 1913 साली ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. अर्थशास्त्र हा मुख्य विषय असला तरी इतिहास, समाजशास्त्र, मानववंशशास्त्र आणि तत्त्वज्ञान यांचे वर्गही त्यांनी केले. 9 मे 1916 रोजी प्रा. गोल्डनवायझर यांच्या अभ्यासवर्गात त्यांनी भारतातील जातिसंस्थेवर निबंध वाचला. त्यांची संशोधनपद्धती त्यात स्पष्ट दिसते. सेनार, नेसफिल्ड, रिझ्ले आणि आपले ज्ञानकोशकार श्रीधर व्यंकटेश केतकर या चौघांच्या जातीविषयक व्याख्या त्यांनी पुढे ठेवल्या आणि एकेकीची तपासणी केली. केतकरांची व्याख्या त्यांना अधिक मोलाची वाटली, पण तीही त्यांनी जशीच्या तशी स्वीकारली नाही. जातीबाहेर विवाह नसणे आणि जन्मानेच जातीत प्रवेश मिळणे ही केतकरांनी सांगितलेली दोन लक्षणे वस्तुतः एकाच गोष्टीच्या दोन बाजू आहेत, हे त्यांनी दाखविले. बाहेर विवाह करण्यास बंदी असली म्हणजे बाहेरचा कोणी आत येऊच शकत नाही. त्यावरून जातीअंतर्गत विवाह हेच जातीचे मर्म होय, हा निष्कर्ष त्यांनी मांडला. त्या वेळी त्यांचे वय अवघे 25 वर्षांचे होते.

पुढे ते लंडनला गेले. शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने 1917 मध्ये अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. पोटाला चिमटा घेऊन जमविलेले ग्रंथ सामानाबरोबर दुसऱ्या बोटीने पाठविले होते. महायुद्धात ती बोट बुडाली आणि त्या संग्रहाचा मोठा भाग समुद्रात गेला. तरीही 1920 साली ते पुन्हा लंडनला पोहोचले.

ब्रिटिश म्युझियमच्या वाचनालयात त्या काळी वाचकाला ग्रंथसूचीत नाव शोधून चिठ्ठी भरून द्यावी लागे, मग पुस्तक त्याच्या मेजावर येई. चिठ्ठी भरणाऱ्याची जात तेथे कोणी विचारीत नसे. पण काय मागावे हे ज्याला ठाऊक नाही, त्याला त्या प्रचंड भांडाराचा उपयोग नव्हता. बाबासाहेबांना ते ठाऊक होते. सकाळी आत गेलेला हा विद्यार्थी वाचनालय बंद होताना बाहेर पडे. रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंधासाठी त्यांनी चलनविषयक आयोगांचे व समित्यांचे अहवाल, सरकारी पत्रव्यवहार आणि आकडेवारी यांचा मागोवा घेतला आणि त्या आधारावर केन्ससारख्या अर्थशास्त्रज्ञाने उचलून धरलेल्या सुवर्ण विनिमय पद्धतीला विरोध केला. ऑक्टोबर 1922 मध्ये सादर केलेला हा प्रबंध परीक्षकांनी सुधारणेसाठी परत केला. त्यांनी तो पुन्हा लिहिला, पण निष्कर्ष बदलले नाहीत. 1923 मध्ये तो मान्य झाला आणि ग्रंथरूपाने प्रसिद्धही झाला. त्यांचे गुरू प्रा. कॅनन यांनी काही मतभेद नोंदवूनच त्याला प्रस्तावना लिहिली. प्रांतिक वित्तव्यवस्थेवरील त्यांचा ग्रंथ 1925 साली निघाला. त्यात 1833 पासूनचा सरकारी जमाखर्चाचा इतिहास आहे.

संस्कृतचे बंद दार त्यांच्या वाटेत पुन्हा आडवे आले. शूद्रांच्या उत्पत्तीवरील ग्रंथ 1946 साली प्रसिद्ध झाला, तेव्हा संस्कृत न जाणणाऱ्याने या विषयात का पडावे, हा आक्षेप येणार हे त्यांनी ओळखले होते. ही उणीव त्यांनी प्रस्तावनेतच मान्य केली आणि इंग्रजी भाषांतरांचा 15 वर्षे अभ्यास केल्याचे नमूद केले. आपली साधने कोणती व त्यांची मर्यादा किती, हे वाचकापुढे उघडपणे ठेवणे हाही संशोधकाचा धर्म आहे.

दादरला त्यांनी राजगृह बांधले ते ग्रंथांना जागा मिळावी म्हणून. त्यांच्या संग्रहातील अनेक पुस्तके पुढे मुंबईच्या सिद्धार्थ महाविद्यालयाकडे आली. हे महाविद्यालय त्यांनीच स्थापन केलेल्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने 1946 साली सुरू केले होते. लाल आणि निळ्या पेन्सिलीने केलेल्या त्यांच्या खुणा त्या पुस्तकांच्या पानांवर आजही दिसतात. 6 डिसेंबर 1956 रोजी त्यांचे महापरिनिर्वाण झाले.

आज माहिती मिळविणे सोपे झाले आहे. ती खरी की खोटी हे तपासण्याचे काम मात्र तेवढेच कठीण राहिले आहे. आपल्या वसतिगृहातील मुलामुलींपैकी अनेकांच्या घरी त्यांचेच पुस्तक पहिले असेल. त्यांनी एवढेच करावे : कोणतेही विधान वाचले की ते कोठून आले हे विचारावे, आणि त्या जागेपर्यंत स्वतः जावे. बाबासाहेबांनी हा मार्ग अनवाणी पायांनी तुडवून आपल्यासाठी मोकळा केला आहे.